कोळसा आमचा, राख परळीची

शुक्रवार

चंद्रपूरहून नंदीग्राम एक्स्प्रेसला बसलं की वणी, आदिलाबाद, किनवट, भोकर, नांदेड करत परभणी येतं. परळीला जाणाऱ्याने तिथे उतरून गाडी बदलायची. ताईने फोनवर बजावून सांगितलं होतं, "झोप लागू देऊ नको, नाहीतर डोळे उघडशील ते मुंबईत."

ताई म्हणजे माझी मावसबहीण. चंद्रपूरजवळ घुग्घुसला आमच्या मागच्या लाइनीत वाढली आणि लग्न होऊन परळीला गेली. दोघींचेही वडील खुल्या खाणीत. माझे बाबा डंपर चालवून निवृत्त झाले. कोळसा जमिनीतून निघून वॅगनमध्ये पडेपर्यंतची गोष्ट आम्हाला पाठ. सायरन वाजला की ब्लास्ट, ब्लास्ट झाला की फळीवरची भांडी खणखणणार आणि भिंतीची जुनी भेग आणखी बोटभर लांबणार. वॅगन सायडिंगवरून हलली की मात्र आमचा संबंध संपला. ताईचं स्थळ आलं, मुलगा परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे औष्णिक वीज केंद्रात, ठेकेदाराकडे कोळसा उतरवण्याच्या कामावर आहे हे कळलं, तेव्हा बाबा एकदम खूश. "म्हणजे आमी भरून पाठवाचं अन् जावयानं उतरवून घ्याचं!"

वणीपर्यंत खिडकीबाहेर ओळखीचंच सगळं. सायडिंगला उभ्या मालगाड्या, रस्त्यावर पाणी मारत फिरणारे टँकर आणि ओबीचे डोंगर. कोळशाच्या वरची माती आणि दगड काढून रचतात ते ओबी. आमच्याकडच्या पोरांना चित्रात डोंगर काढायला सांगा, वरून सपाट डोंगर काढतात. टोकाचा डोंगर त्यांनी पाहिलेलाच नसतो.

किनवटचं सागाचं जंगल मागे पडलं, भोकर गेलं आणि माती काळी होत गेली. शेतात तूर, हरभरा, ज्वारी. ज्वारी निसवून दाण्यात आलेली. नांदेडला समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या, गंगाखेडच्या. पिशवीतून शेंगा काढून निम्म्या माझ्या ओंजळीत घातल्या आणि मग चौकशी.

"कुठं निघालाव?"

"परळीला."

"देवाला का थर्मलला?"

पाहुणी म्हणून, बहिणीकडे, असं सांगितलं तर बाईंना ते फारसं पटलं नाही. परळीला माणूस वैद्यनाथाला जातो नाहीतर थर्मलला, असा त्यांचा हिशेब. त्यांचा भाचा थर्मलला होता, आता नाही. का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परभणीला बदललेली गाडी गंगाखेडच्या आधी गोदावरीच्या पुलावर चढली तेव्हा बाहेर मिट्ट अंधार. पुलाचा आवाज ऐकूनच डब्यातल्यांनी हात जोडले. बाई जनाबाईचं गाव आलं म्हणत उतरून गेल्या. परळी आधी दिव्यांनी कळली. चिमणीवरचे तांबडे दिवे बऱ्याच लांबून दिसायला लागतात आणि गाडी वळेल तसे कधी या खिडकीत, कधी त्या. स्टेशनावर उतरल्यावर मी सवयीने वास घेतला. घुग्घुसला उतरलं की जळक्या कोळशाचा वास येतो, ढिगातला कोळसा आपोआप धुमसत असतो त्याचा. इथे तसा काही वास नव्हता.

शनिवार

सकाळी झाडूच्या आवाजाने जाग आली. ताईची सासू ओसरी झाडत होती. मी त्यांना मावशी म्हणते. आधी पाण्याचा हलका सडा, मग झाडू, मग ओल्या फडक्याने उंबरा आणि खिडकीचं कठडं. कोरडं झाडायचं नाही, हा घरचा नियम. मी आगाऊपणे खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. आमच्याकडे असं बोट फिरवलं की काळं होतं आणि चिकटतं. साबणाशिवाय सुटत नाही. इथे बोटावर करडी, मऊ पूड आली. चोळली तर टाल्कम पावडर वाटावी. फुंकर मारली, तर कुठे गेली ते दिसलंही नाही. ह्यातच खोट आहे. आमची धूळ जड असते, खाली बसते, नाकातून काळी निघते, डोळ्यांना दिसते. इथली राख दिसत नाही आणि कपड्यांच्या घडीत सापडते.

स्वयंपाकघरात प्रत्येक भांड्यावर झाकण. माठावर झाकण, झाकणावर फडकं. पापड वाळत घालायचे ते गच्चीवर पातळ साडीखाली. ताईने दोरीवरचे कपडे काढताना प्रत्येक कपडा दोनदा झटकला, आणि झटकताना तोंड आपोआप बाजूला केलं. हे तिला घुग्घुसला कोणी शिकवलेलं नव्हतं.

पाण्याचं वेगळं प्रकरण. गावाला पाणी नागापूरच्या वाण धरणातून येतं, पण नळाला रोज येत नाही. मोरीत दोन ड्रम, गच्चीवर टाकी, जिन्याखाली ओळीने घागरी. पाणी यायचा दिवस असला की घराचं वेळापत्रक त्यावर फिरतं. भाचीच्या शाळेचा डबासुद्धा. घुग्घुसला आमच्या मोटारी दिवसरात्र चालतात त्या खाणीत साठलेलं पाणी बाहेर फेकायला. पंप बंद पडला तर खाण बुडते. मी हे सांगितल्यावर मावशींनी हातातलं निवडणं थांबवलं.

"फेकून देतेत?"

"नाल्यात सोडतात."

"अगं बाई," म्हणाल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

दाजी रात्रपाळी करून आले. (आमच्याकडे भाऊजी, इथे येऊन मीही दाजी म्हणायला लागले.) चहा घेता घेता त्यांनी त्यांचं काम समजावून सांगितलं. मालगाडीला रेक म्हणायचं. अठ्ठावन्न-एकोणसाठ वॅगन, मिळून चार हजार टनांच्या आसपास कोळसा. वॅगन टिपलरवर घेतली की मशीन ती आख्खी वॅगन कडेला कलंडवते, कोळसा खाली हॉपरमध्ये पडतो, तिथून पट्ट्यावरून क्रशरला, मग बंकर, मग गिरणी. बॉयलरमध्ये जातो तेव्हा कोळशाचं पीठ झालेलं असतं. परळीत वीजनिर्मितीचा पहिला संच 1971 साली सुरू झाला, 30 मेगावॉटचा. ते जुने संच आता इतिहासजमा. सध्याचे तीन संच 250 मेगावॉटचे, मिळून 750. पूर्ण ताकदीने चालला तर एक संच दिवसाला साधारण एक रेक खातो.

"अन् पावसाळ्यात कोळसा वॅगनलाच चिकटून बसतो. मग पोरं आत उतरवायची, पहारीनं पाडायचा. आणि दगड! मेव्हणीबाई, तुम्ही खाणीवाले डोळे झाकून भरता का हो?"

बाबांच्या वतीने मी सांगितलं की शॉव्हेलवाल्याला थर जसा लागेल तसं उचलावं लागतं. कोळशाच्या थरात मातीच्या पट्ट्या असतात, त्या निवडत बसायला तो काय तांदूळ आहे? दाजींना उत्तर पटलं नाही, पण आवडलं. मग त्यांनी हिशेब मांडला. आपल्याकडच्या कोळशात शंभराला पस्तीस-चाळीस किलो राखच असते. म्हणजे चार हजार टनांचा एक रेक जाळला की चौदाशे ते सोळाशे टन राख मागे उरणार. एका संचाची, एका दिवसाची. "कोळसा येतो तो मोजून येतो, कागदावर सही होऊन. धूर वर जातो. मधे राहती ती राख, ती इथंच राहती."

संध्याकाळी वैद्यनाथाला गेलो. देऊळ उंचावर, खालून रुंद दगडी पायऱ्या. जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांचा. मराठवाड्यात ज्योतिर्लिंगं तीन: वेरूळचं घृष्णेश्वर, औंढ्याचा नागनाथ आणि हा. झारखंडातलं देवघरही वैद्यनाथाचा मान सांगतं, पण तो वाद पायऱ्यांवर बेल विकणाऱ्या बाईपुढे काढू नये. इथलं मला भावलेलं एवढंच, की लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. रांगेतली एक म्हातारी दोन्ही तळवे लिंगावर टेकवून इतका वेळ उभी राहिली की मागचे कुरकुरायला लागले. पुजाऱ्याने तिला हटकलं नाही. देव वैद्य आहे, नाडी बघायला वेळ लागणारच, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि रांग हसली.

येताना बाजारातून आलो. चिवड्याच्या, बांगड्यांच्या दुकानांतून गर्दी चिक्कार. चहाच्या टपरीवर राजकारण. परळीत राजकारण म्हणजे घरातलं भांडण बाहेर बसून बोलण्यासारखं. पाहुण्याने कान द्यावा, तोंड देऊ नये.

रविवार

दाजींच्या गाडीवर, मधे भाची घेऊन, राख बघायला गेलो. "लोकं वेरूळ बघायला जातेत, तुझी बहीण राख बघायला," असं मावशींनी ताईला ऐकवलंच.

राखेचे दोन प्रकार. जड राख बॉयलरच्या तळाशी पडते, ती थोडी. बाकीची बहुतेक धुराबरोबर वर निघते. तिला चिमणीच्या आधी विजेच्या पट्ट्यांवर पकडतात. कोरडी पकडली तर बल्कर, म्हणजे बंद टाकीचे ट्रक, भरून सिमेंट कारखान्याला जाते. सिमेंटमध्ये ती चालते, म्हणून तिला गिऱ्हाईक आहे. उरलेली पाण्यात कालवून नळाने लांबच्या तळ्यात सोडतात. राख तळाशी बसते आणि वरचं पाणी निथळतं. तळं म्हणायचं, पण त्यात पाणी कमी आणि करडं मैदान जास्त. लांबून बघितलं तर ओसाड, सपाट, चमकणारं. काठाला बाभळी, त्यांची पानं शेंड्यापर्यंत एकाच रंगाची.

दाजींनी मला काठावरची ओली राख उचलून दिली. मुठीत दाबली तर लाडू वळला. मग दोन पावलं पलीकडे, वाळलेल्या जागी, मूठभर घेतली. ती बोटांच्या फटीतून वाहून गेली. ओली आहे तोवर ती जागची हलत नाही. पाणी आटलं की उडते, आणि उन्हाळ्यात वारं सुटलं की गावात येते. म्हणजे तिला दाबून ठेवायलाही पाणीच लागतं! आमच्याकडे हॉल रोडवर, म्हणजे खाणीतल्या डंपरच्या रस्त्यावर, टँकर फिरतो तो ह्याच कामाला, पण आमच्याकडे पाणी खाणीतच फुकट मिळतं.

परतीच्या रस्त्यावर राखेचे टिपर. काहींवर ताडपत्री, काहींवर ताडपत्रीचं नाव. खड्डा आला की मागे करडा लोट. भाचीने न सांगता ओढणी नाकावर घेतली आणि लोट सरल्यावर खाली केली, डोळ्यांची पापणी लवावी तितक्या सहज. मला राग आला तो तिथे. राखेचा शंभर टक्के वापर व्हायलाच हवा असं केंद्र सरकारची 31 डिसेंबर 2021 ची अधिसूचना सांगते. वापर होतोही आहे, डोळ्यांनी दिसतो आहे. पण वापरायला नेताना ती वाटेत कोणाच्या घरात पडते, ह्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते?

वीटभट्ट्या हा त्या वापराचाच भाग. परळीच्या आसपास भट्ट्या इतक्या की रस्त्याच्या कडेला विटांच्याच भिंती उभ्या. मातीत राख मिसळली की माती कमी लागते, वीट हलकी होते, वाळताना तडकत नाही. एका भट्टीवर थांबलो. एक जोडपं वीट पाडत होतं. तो चिखल तुडवून गोळे करत होता, ती साच्यात गोळा आपटून, वरून हात फिरवून, साचा उलटा करून काढत होती. आपटणं, पुसणं, उलटणं. मी बोलत उभी होते तेवढ्यात तिने पूर्ण ओळ लावली. साच्याच्या आत ती चिमूटभर कोरडी राख भुरभुरायची, वीट चिकटू नये म्हणून, जशी आपण पोळी लाटताना पिठी लावतो. सोयाबीन निघालं की इकडे येतात, पावसाला गावी. कोळसा खाणीतला आमचा माणूस युनिफॉर्म घालतो, बूट घालतो, महिन्याच्या महिन्याला पगार घेतो. राखेवरची ही बाई अनवाणी होती आणि तिला मजुरी हजार विटांवर होती.

चौकात चहा घेतला. टपरीवाला बोलका. त्याला मी विचारलं, थर्मलचा सगळ्यात वाईट काळ कुठला? मला वाटलं, कोळशाच्या टंचाईचा एखादा किस्सा सांगेल. तो म्हणाला, "तेरा साल." 2012 चा पाऊस गेला, जायकवाडी-माजलगाव तळाला लागले, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी राहिलं नाही आणि फेब्रुवारी 2013 मध्ये परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं. सगळेच्या सगळे संच. 2015 च्या उन्हाळ्यानंतर पुन्हा तीच वेळ आली.

"कोळसा पडून होता हो ढिगानं. पाणीच न्हवतं. चिमणीतून धूर निघंना. गावात राख न्हवती, समदं कसं लख्ख. अन् माझ्या टपरीवर गिऱ्हाईक न्हवतं."

खरं तर हे गणित साधं आहे. कोळसा जाळायचा तो पाण्याची वाफ करायला, वाफेने टर्बाइन फिरवायचं, मग ती वाफ थंड करायला पुन्हा पाणी, आणि राख वाहून न्यायला आणखी पाणी. डिसेंबर 2015 च्या केंद्राच्या नियमाने जुन्या केंद्रांना एका मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटरची मर्यादा घातली. त्या मर्यादेत राहूनसुद्धा 250 मेगावॉटचा एक संच दिवसाला दोन कोटी दहा लाख लिटर पितो. हा आकडा मी टपरीवरच मोबाइलवर काढला आणि मग आठवलं ते एप्रिल 2016. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वॅगनची गाडी, पंचवीस लाखांची. तसल्या आठ-नऊ गाड्यांनी परळीचा एक संच एक दिवस चालेल. आमच्या घरात मोठं होताना सगळे म्हणायचे की कोळसा आहे म्हणून वीज आहे. बाबांना हा हिशेब सांगायला हवा.

सोमवार

वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि बीडच्या ह्या भागातला मोठा सण. आमच्याकडे कोणाला नावही माहीत नाही. शेत ताईच्या सासऱ्यांचं, अंबाजोगाईच्या पलीकडे. पहाटेपासून घरात पातेल्यांचा खणखणाट. वाटेत अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन झालं, मुकुंदराजांची समाधी राहिली. घाट छान आहे, बालाघाटाचे डोंगर टोकाचे नाहीत पण ओबीसारखे रचलेलेही नाहीत.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली. आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडलेले. मावशींनी डोक्यावरचं आंबिलाचं बिंदगं उतरवलं, पूजा झाली, आणि मग पानं वाढली. भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, घेवडा, गाजर, मेथी, चिंचेचं पाणी, वरून बेसन लावून रटरटवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर. आणि आंबील: ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण घालून, आंबवून. पहिला पेला मी चवीपुरता घेतला. दुसऱ्याला मीच पेला पुढे केला. तिसऱ्यानंतर झाडाखाली आडवी झाले. सगळेच होतात म्हणे.

इथे कोणीही कोणाच्याही शेतात जाऊन जेवतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारून बोलावतात, नाही म्हटलं तर राग येतो. आम्ही शेजारच्या कोपीत गेलो. तिथे एक म्हातारा, एक म्हातारी आणि तीन नातवंडं. मधली पिढी नव्हती. मुलगा-सून ऊसतोडीला, दिवाळी झाल्यावर मुकादमाकडून उचल घेऊन गेलेले, आता येणार पाडव्याच्या सुमाराला. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हातारीने फोन लावला. पलीकडे उसाचा फड, पाचट, मागे ट्रॅक्टर. सूनबाईने फोनमधून कोपीला हात जोडले, पोरांना "आंबील जास्त पिऊ नका रे" म्हणाली, आणि हाक आली तशी फोन ठेवला. धाकट्याने स्क्रीन शर्टाला पुसून फोन आजीला परत दिला.

आमच्याकडे जमीन खाणीत गेली तर दोन एकराला एक नोकरी मिळते. त्यावरून भावाभावांत डोकी फुटतात, गावं उठतात, 2022 साली घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक आख्खं घर जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीत गेलं. खाणीचं सुख सांगावं असं काही नाही. तरी पण त्या कोपीत बसून मला पहिल्यांदा वाटलं की आपण पगारी माणसं आहोत. ह्यांची जमीन शाबूत आहे, काळीभोर, उभ्या ज्वारीची, आणि तीवर बारा महिने राहायला मात्र माणसं नाहीत.

सूर्य कलताना गव्हाच्या काडाचा टेंभा पेटवून शेताभोवती फिरवला. पोरं मागे धावली. मावशींनी उरलेली भज्जी माझ्यासाठी डब्यात भरली आणि बजावलं, "उद्या आणखी चांगली लागती."

लागली.

मंगळवार

सकाळी घरात भांडण. ताई-दाजींनी वर एक खोली काढायला पैसे साठवले होते. दाजींचं म्हणणं, विटा हाकेच्या अंतरावर, भट्टीवाला ओळखीचा, आत्ता नाही बांधली तर कधी? ताईचं म्हणणं, आधी अंगणात हौद. वरच्या खोलीत काय विटा प्यायच्या? मला पंच नेमलं. मी बहिणीच्या बाजूने निकाल दिला, त्यात नवल नाही. पण मावशींनीही सुनेची बाजू घेतली तेव्हा दाजी उठून ब्रेकरवाल्याला फोन लावायला गेले.

ब्रेकर ट्रॅक्टरला जोडलेला. दोन गडी टिकाव-फावडं घेऊन. मी खुर्ची टाकून बसले. खड्डा खणताना बघत बसणं ही आमच्याकडची जुनी सवय. पहिला फूटभर थर करडा निघाला. राखच, घर बांधताना भरावाला टाकलेली. मग काळी माती, मग पिवळा मुरूम, आणि तीन-चार फुटांवर ठण्ण.

"लागला पाषाण," गडी म्हणाला.

मावशी वाकून बघायला आल्या. "खाली कोळसा लागंल का ग, खाणीवाली?"

नाही लागणार, म्हटलं. हा लाव्हाचा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेला, थरावर थर, जवळजवळ सगळा मराठवाडा त्याच्यावर बसलेला. आमचा कोळसा त्याच्याही कितीतरी आधीचा, पंचवीस कोटींच्या पलीकडचा, आणि जिथे हा दगड त्याच्या उरावर पसरला नाही तिथेच तो सहज हाताला लागतो. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आमच्या नशिबी दगड अन् तुमच्याकडची राख," म्हणाल्या, आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

ब्रेकरवाला तासावर पैसे घेणारा, तरी पाच फुटांवर थांबू म्हणायला लागला, छिन्नी झिजते म्हणून. ताई म्हणाली, सात. दाजी मधे पडले. सहावर तुटलं, वर लांबी आठ आणि रुंदी सहा. मी खडूने ओसरीवर गुणाकार केला: दोनशे अठ्ठ्याऐंशी घनफूट, म्हणजे आठ हजार लिटरच्या थोडं वर.

"एवढ्यात एक संच किती चालंल, काढा की," दाजी म्हणाले.

काढलं. चौतीस सेकंद.

"आमचं पंधरा दिवस चालंल," ताई म्हणाली. तिचं लक्ष आमच्या गणिताकडे नव्हतंच. ती गवंड्याला फोन लावून झाकणाचं सांगत होती. झाकण लोखंडी पाहिजे, कडेला रबर पाहिजे, चारी बाजूंनी बोटभर फट दिसली तर पैसे देणार नाही, कारण राख कुठूनही जाते.